दोन तलवारी

विश्रामबागच्या चौकात तुम्ही मिरजेच्या बसची वाट पाहत उभे आहात. पाठीशी विलिंग्डन कॉलेजची झाडी, समोर सांगलीकडून येणारी वाहनांची रांग. हातातल्या पेपरात कुठल्याशा लहान देशाने एका महासत्तेकडे सुरक्षेची लेखी हमी मागितल्याची बातमी आहे. महासत्तेचं म्हणणं, हमी देऊ, पण अटी आमच्या. बसचा पत्ता नाही. तेव्हा पेपराची घडी घाला आणि याच रस्त्याने मागे चला. ही बातमी इथे एकदा घडून गेली आहे.

आधी वालचंद कॉलेज नाहीसं होतं, कारण ते १९४७ चं. मग विलिंग्डन जातं. डेक्कन एज्युकेशन सोसायटीने ते १९१९ साली काढलं आणि त्याला मुंबईच्या नुकत्याच पायउतार झालेल्या गव्हर्नराचं नाव दिलं. संस्थानी मुलखात असं नाव पाटीवर असलं की बरीच दारं उघडत असणार. पाठोपाठ विजेचे खांब, रेल्वेचे रूळ, खडीचा रस्ता असं सगळं जातं. पायाखाली काळी माती आणि गाडीवाटेच्या दोन चाकोऱ्या उरतात. साल १८०१.

मिरजेकडून एक लटांबर येतंय. घोडी, मेणे, सामानाने वाकलेल्या बैलगाड्या. ऐन पंचविशीतले चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धन काका गंगाधररावांशी वाद करून मिरज सोडून निघाले आहेत. देवघरातला गणपतीही त्यांनी बरोबर घेतला, असं सांगलीत अजून सांगतात. कृष्णाकाठच्या लहानशा सांगलीत ते नवी गादी मांडणार, गणेशदुर्ग बांधणार, गणपतीचं देऊळ उभारणार. तुमच्या अंगावर धूळ उडवत गाड्या निघून जातात. तुमच्याकडे कुणी ढुंकूनही पाहत नाही. भाऊबंदकीच्या घाईत वाटेवरच्या माणसाकडे कोण बघतो?

एवढं मात्र ध्यानात असू द्या, की पटवर्धन हे पेशव्यांचे सरंजामदार. भांडण मिटवायचं तर पुण्याने मिटवायचं. आणि पुण्याला स्वतःचंच निस्तरत नाहीये. पुढच्याच वर्षी हडपसरला यशवंतराव होळकरांनी पेशव्यांच्या फौजेचा पराभव केला आणि दुसरे बाजीराव पळून थेट वसईला, इंग्रजांच्या आश्रयाला गेले. ३१ डिसेंबर १८०२ ला त्यांनी जो तह केला त्याचं गणित सोपं होतं. ईस्ट इंडिया कंपनीचं सहा हजारांहून कमी नसलेलं पायदळ पेशव्यांच्या रक्षणाला राहणार, त्याच्या खर्चासाठी पेशव्यांनी सालीना २६ लाखांचा मुलूख तोडून द्यायचा आणि कंपनीला विचारल्याशिवाय परक्या सत्तेशी बोलणी करायची नाहीत. पैसा पेशव्यांचा, हुकूम कंपनीचा. याच पद्धतीला शाळेच्या पुस्तकात तैनाती फौज म्हणतात, आणि परीक्षा झाली की आपण ती विसरतो.

आता दहा वर्षं पुढे या, १८१२ चा जुलै, पंढरपूर. बाजीरावांना दक्षिणेतल्या जहागीरदारांचे, त्यातही पटवर्धनांचे सरंजाम ताब्यात घ्यायचे आहेत. कंपनीचा पुण्यातला रेसिडेंट एल्फिन्स्टन फौज घेऊन मध्ये पडला आहे. तोडगा असा निघतो: जहागीरदारांनी सनदेवाचून बळकावलेला मुलूख सोडावा, पेशव्यांची चाकरी नेमाने करावी, आणि ती करत राहतील तोवर त्यांच्या दौलतीला कंपनीची हमी. चिखलात उभं राहून हे नीट ऐका. पेशवे कंपनीच्या छत्राखाली आहेत आणि त्यांच्या सरदाराला त्यांच्यापासूनच कंपनी वाचवते आहे. धन्यालाही हमी, चाकरालाही हमी, हमी देणारा एकच. दोघांनाही वाटतं आपलं साधलं. सहा वर्षांनी पेशवाई बुडाली तेव्हा पटवर्धन सरदार एकेक करून पेशव्यांच्या छावणीतून निघून आले, याचं नवल वाटायला नको. त्यांची दौलत कुणाच्या शब्दावर टिकून आहे हे त्यांना पंढरपुरातच कळलं होतं.

१८१९. सांगलीच्या वाड्यातल्या कचेरीत या. बैठकीवर बसलेला कारकून मोडीत फराटे मारतो आहे, बोरू दौतीत बुडवतो, ओळ संपली की वाळू भुरभुरतो आणि कागद तिरपा करून झटकतो. तुम्ही दाराशी घुटमळता तसा तो मान वर न करता म्हणतो, "बसा. पाणी घ्या. कुठल्या गावचे आपण?"

"इथलाच. विश्रामबागचा."

नाव त्याला कळत नाही, पण पाहुण्याला उलटतपासणी नको म्हणून तो पुढे लिहू लागतो. कागद कंपनीशी झालेल्या कराराचा आहे. पेशवे गेले, मग सरंजामाबद्दल स्वारांची चाकरी करायची कुणाची? कंपनी म्हणते, आमची. आप्पासाहेबांना ते रुचलं नाही. चाकरी देण्याऐवजी त्यांनी सालीना १,३५,००० रुपये उत्पन्नाचा मुलूख सोडून दिला.

"फार झालं की हो," तुम्ही म्हणता.

"मुलूख परत मिळवता येतो," कारकून म्हणतो. "व्यापाऱ्याच्या दारी घोडा बांधला, तर तो सोडवता येत नाही."

पहिल्या वाक्यात तो चुकला आहे. तो मुलूख काही परत आला नाही. पण दुसरं तुम्ही लक्षात ठेवा, कारण तुम्हाला आता त्याच वर्षीच्या २५ सप्टेंबरला, साताऱ्यात जायचं आहे.

साताऱ्यातली गोष्ट निराळी. इथे कुणी मुलूख देऊन काही वाचवत नाहीये, इथे राज्यच बक्षीस मिळतं आहे. आष्टीच्या लढाईत पेशव्यांचे सेनापती बापू गोखले पडले आणि पेशव्यांच्या छावणीत असलेले छत्रपती प्रतापसिंह इंग्रजांच्या हाती आले. कंपनीने त्यांना साताऱ्याच्या गादीवर बसवलं. शिवाजीमहाराजांचा वंशज गादीवर दिसला की मराठी मुलूख शांत राहील, हा हिशोब होता आणि तो चुकीचा नव्हता. राजे सव्वीस वर्षांचे. त्यांच्याजवळ नेमलेला पोलिटिकल एजंट कॅप्टन जेम्स ग्रँट तिशीचा. पुढे ग्रँट डफ या नावाने मराठ्यांचा इतिहास लिहिणारा तोच. दोघांचं जमलंही चांगलं.

करार वाचला जातो तेव्हा तुम्ही खांबाआडून ऐका. राज्याच्या रक्षणाची जबाबदारी कंपनीची. राजांनी कंपनीच्या अधीन राहून, सहकार्याने कारभार करायचा. इथवर सगळे माना डोलावतात. मग येतं पाचवं कलम. पेपर वाचणाऱ्या माणसाला पाचवं कलम म्हटलं की नाटो आठवतं, एकावर हल्ला म्हणजे सगळ्यांवर हल्ला. अमेरिका आणि जपान यांच्या १९६० च्या करारातलं हमीचं कलमही पाचवंच. साताऱ्याच्या पाचव्या कलमात मात्र हमी नाही, मनाई आहे: राजांनी परक्या सत्तेशी, आपल्या ताब्याबाहेरच्या कुठल्याही सरदाराशी, जहागीरदाराशी वा राजाशी कसलाही संबंध, कसलाही पत्रव्यवहार ठेवायचा नाही. आणि हे कलम कराराचा पाया समजायचं. म्हणजे साधी सोयरिकीची चिठ्ठी धाडायची तरी ती एजंटाच्या हातून. दरबारात कुणी चकार शब्द काढत नाही. राज्य मिळतंय ना, मग पत्रं काय, लिहू त्यांच्यामार्फत.

पुढची पंधरा वर्षं भरभर जाऊ द्या, कारण ती चांगली गेली. प्रतापसिंहांनी रस्ते केले, शहरात पाणी आणलं, शाळा काढली, छापखाना आणला. स्वतःची रोजनिशी ते नेमाने लिहीत. कंपनीच्या गोऱ्या साहेबांना उन्हाळ्यात थंड हवा हवी झाली तेव्हा वाईकडच्या खंडाळा गावाच्या बदल्यात राजांनी महाबळेश्वरचं पठार दिलं. तिथे गव्हर्नर माल्कमच्या नावाची पेठ वसली. आश्रिताने तळाला जागा द्यायची, हा रिवाज काही आजचा नाही.

बिनसलं ते जहागिरींवरून. भोरचे सचिव, औंधचे प्रतिनिधी, फलटणचे निंबाळकर, जतचे डफळे ही मंडळी साताऱ्याची, पण हमी कंपनीची. एखादी जहागीर बेवारस झाली तर ती कुणाकडे जाणार? राजे म्हणाले माझ्याकडे. मुंबई सरकारला ते मान्य नव्हतं. वाद लंडनला गेला, कंपनीच्या संचालकांचा कौल राजांच्या बाजूने आला आणि मुंबईने तो राजांना कळवलाच नाही.

आता या लेखातली पहिली तलवार. १८३५ च्या अखेरीस संचालकांनी साताऱ्याच्या राजांच्या उत्तम कारभाराबद्दल प्रशंसेचं पत्र आणि एक मानाची तलवार पाठवली. ती मुंबईपर्यंत आली. तिथल्या सरकारने ती अडकवून ठेवली आणि राजांच्या हाती ती कधीच पडली नाही. मुंबईच्या त्या कोठारात तुम्हाला नेलं असतं, पण ती नेमकी कुठे पडून होती ते सांगता येत नाही. कल्पना करा: लंडनचा मालक शाबासकी देतोय आणि मधला मुनीम ती दाबून त्याच माणसाविरुद्ध पुरावे गोळा करतोय. हमी देणारा एक असतो असं लहान राज्य धरून चालतं. प्रत्यक्षात त्याच्या घरात लंडन असतं, कलकत्ता असतं, मुंबई असते, आणि रोज दारावर येतो तो फक्त रेसिडेंट.

१८३६ मध्ये चौकशी बसली. आरोप तीन. कंपनीच्या २३ व्या पलटणीतले दोन सुभेदार फितवले, गोव्याच्या पोर्तुगीजांशी कारस्थान केलं, नागपूरच्या पदच्युत आप्पासाहेब भोसल्यांशी संधान बांधलं. तिन्ही आरोप कुठल्या कलमात बसतात ते तुम्हाला ठाऊक आहे. पोर्तुगालची तेव्हाची अवस्था पाहता गोव्याहून फौज येऊन इंग्रजांना हाकलणार होती, हे म्हणणाऱ्यालाही ते खरं वाटलं असेल का, याची मला शंका आहे. ते वाटायची गरजही नव्हती. कलमात पत्रव्यवहाराला मनाई होती, तो यशस्वी व्हायला हवा असं कुठे म्हटलं होतं?

१८३९ च्या ऑगस्टात गव्हर्नर कार्नॅक स्वतः साताऱ्यात आला. त्याचं म्हणणं असं: झालं गेलं माफ, गादी तुमचीच. फक्त करार मोडला हे कबूल करा आणि तो पुन्हा पाळीन असं सही करून द्या. दोन ओळींचं काम. प्रतापसिंहांनी नकार दिला. न केलेला गुन्हा कबूल करून मिळणारी गादी त्यांना नको होती. शहाणपणाचा हिशोब मांडणारे आजही त्यांना हट्टी म्हणतील. मला वाटतं, या सगळ्या वीस वर्षांत कराराचा खरा अर्थ कुणी नीट वाचला असेल तर त्या आठवड्यात त्यांनीच. एकदा सही दिली की पुढची सही मागायला वेळ लागत नाही.

५ सप्टेंबर १८३९. पहाट व्हायची आहे. श्रावणातला अंधारा पंधरवडा, चंद्राचा पत्ता नाही. राजवाड्यासमोरच्या रस्त्यावर तुम्ही भिंतीला चिकटून उभे राहा. ओल्या मातीवर बुटांचा आवाज येतो. पुष्कळ बूट, पण आरोळी नाही, नगारा नाही. पलटणीने वाड्याला वेढा घातला आहे. रेसिडेंट ओव्हन्स माणसं घेऊन आत शिरतो. तुमच्या शेजारी एक म्हातारा पखालजी थबकलाय, खांद्यावरची पखाल थेंब थेंब गळते आहे. "कोण आलंय हो?" तुम्ही दबक्या आवाजात विचारता. "राखणदार," तो म्हणतो आणि गल्लीत दिसेनासा होतो. थोड्या वेळाने पालखी बाहेर पडते. गोळी सुटत नाही, तलवार उपसली जात नाही. रक्षणाला म्हणून वीस वर्षं जवळ ठेवलेली फौज कशाच्या रक्षणाला होती, हे समजायला अर्धा तास पुरला. राजांना आधी जवळच्या लिंब गावी नेलं, तिथून काशीला. बरोबर निघालेले बाळासाहेब सेनापती वाटेतच वारले. प्रतापसिंह १८४७ मध्ये काशीतच गेले.

त्यांचे वकील रंगो बापूजी तोवर लंडनमध्ये होते. तिथे एक क्षण डोकावून या. लेडनहॉल स्ट्रीटवर कंपनीची कचेरी, भागधारकांची सभा. जोसेफ ह्यूम आणि गुलामगिरीविरुद्ध लढलेले जॉर्ज थॉम्सन यांच्यासारखे लोक साताऱ्याच्या बाजूने बोलतात, टाळ्या पडतात, ठराव फेटाळला जातो. रंगो बापूजींनी तिथे चौदाएक वर्षं काढली. १८५३ नंतर परतले ते बंडाच्या तयारीलाच लागले. १८५७ मध्ये ते निसटले, पुन्हा सापडले नाहीत. साताऱ्यात सतरा जणांना ८ सप्टेंबरला देहदंड झाला, त्यांत त्यांचा मुलगा सीताराम होता.

आणि ज्यांनी सही दिली? प्रतापसिंहांचे धाकटे भाऊ शहाजीराजे गादीवर बसले, कंपनीच्या मनासारखं वागले. ५ एप्रिल १८४८ ला मरताना त्यांनी मुलगा दत्तक घेतला. साताऱ्याचा रेसिडेंट तेव्हा बार्टल फ्रियर. त्याचं मत दत्तक मान्य करावं असंच होतं, मुंबईचा गव्हर्नर क्लार्कही राज्य खालसा करण्याच्या विरुद्ध होता. कलकत्त्याला गव्हर्नर जनरल डलहौसीने वारस नाही असं ठरवलं आणि राज्य खालसा केलं. करारात राजांचे वारस आणि उत्तराधिकारी असे शब्द होते. वारस कोण, हे ठरवणार मात्र हमी देणारा.

सांगलीत परत या, १८४६. आप्पासाहेब आता सत्तरीला टेकलेत. कोल्हापूर-सावंतवाडीकडे गडकऱ्यांचं बंड होऊन दोन वर्षं झाली, त्या धामधुमीत सांगली कंपनीच्या बाजूने राहिली. आज दरबारात दुसरी तलवार आली आहे, निष्ठेबद्दल कंपनीची भेट. ही मात्र पोचली. चाकरीचा घोडा बांधायला नको म्हणणाऱ्या माणसाच्या कमरेला शेवटी कंपनीची तलवार आली, यात हसण्यासारखं काही असेल तर हसून घ्या. मला तसं हसू येत नाही. या दरबाराने १८४३ मध्ये विष्णुदास भाव्यांकडून सीतास्वयंवर करवून घेतलं आणि मराठी नाटकाला सुरुवात झाली. लढायांतून सुटलेल्या लहान राज्याला असं काही सुचतं. शांतता विकतची होती, तरी ती खरी शांतता होती. सांगलीच्या रयतेला विचारलं असतं तर तिने पेंढाऱ्यांपेक्षा रेसिडेंट पत्करला असता.

पण सांगली वाचली ती करारामुळे, असं समजू नका. साताऱ्याकडेही करारच होता. सांगलीकडे छत्रपतींचं नाव नव्हतं, त्या नावाभोवती कुणी गोळा होईल अशी भीती नव्हती, आणि मुलूख असा तुकड्यातुकड्यांनी विखुरलेला की घशात घालायची घाई कुणाला नव्हती. नरगुंदचे बाबासाहेब भावे इतके नशीबवान नव्हते. दत्तक नाकारला गेला, १८५८ मध्ये त्यांनी बंड केलं, पोलिटिकल एजंट मॅन्सन मारला गेला, आणि बेळगावात त्यांना फाशी झाली. त्याच वर्षी १ नोव्हेंबरला राणीचा जाहीरनामा निघाला: संस्थानिकांशी झालेले करार पाळू. पुढे १८६२ मध्ये व्हाइसरॉय कॅनिंगने दत्तकाच्या सनदा वाटल्या. नरगुंद आणि साताऱ्यानंतर मिळालेली ती सनद संस्थानिकांनी कपाळाला लावली.

शेवटचा टप्पा, आता वेगाने या. विश्रामबागेत विलिंग्डन पुन्हा दिसू लागतं. दुसरे चिंतामणराव आप्पासाहेब लंडनच्या गोलमेज परिषदेत लहान संस्थानांची बाजू मांडायला जाऊन आलेत. त्याआधीच, १९२९ मध्ये, बटलर समितीने संस्थानिकांच्या सगळ्या शंकांचं उत्तर दिलंय: सार्वभौम सत्तेचे अधिकार किती, याची व्याख्या करता येणार नाही. १५ ऑगस्ट १९४७ ला ती सत्ताच निघून गेली. शंभर वर्षं जिच्या हमीवर पाचशेच्या वर संस्थानं बसली होती, तिने निरोप घेताना एकालाही वाचवण्याची जबाबदारी घेतली नाही. सामीलनाम्यात संस्थानांनी दिलेले विषय तीन: संरक्षण, परराष्ट्र व्यवहार, दळणवळण. त्यांतले पहिले दोन साताऱ्याने १८१९ मध्येच दिले होते. ८ मार्च १९४८ ला सांगली मुंबई प्रांतात विलीन झाली.

बदल्यात राजांना तनखा मिळाला आणि त्याची हमी राज्यघटनेच्या २९१ व्या कलमात लिहिली गेली. तनखे बंद झाले हे लोकशाहीच्या दृष्टीने योग्यच झालं, त्याबद्दल अश्रू ढाळायचं कारण नाही. पण हमी म्हणून पाहाल तर हिशोब जुनाच आहे. ती दिली संसदेच्या पूर्वसुरींनी, आणि डिसेंबर १९७१ मध्ये २६ व्या घटनादुरुस्तीने ती काढून घेतली संसदेनेच. ज्यांना दिली होती, त्यांची संमती लागली नाही.